टेपवर राहून गेलेले सभागृह

शार्ल म्यूंश यांनी बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून १९५९ साली वाजवून घेतलेली सँ-साँस यांची ऑर्गन सिंफनी हे ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातले मानाचे पान आहे. २००४ पासून ‘लिव्हिंग स्टिरिओ’ या जुन्या मालिकेची जी पुनःप्रकाशने निघाली, त्यांत ती सुपर ऑडिओ सीडीवर सराउंड साउंडमध्ये आली. पाच स्पीकरांच्या संचावर ही तबकडी लावली की समोरचे तीन स्पीकर वाजतात आणि मागचे दोन पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत गप्प राहतात. संचात बिघाड झालेला नसतो. आर.सी.ए. कंपनीने त्या वेळी टेपवर तीन ट्रॅक घेतले होते, म्हणून नव्या तबकडीतही तीनच दिले आहेत. याच मालिकेत फ्रिट्झ राइनर आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचे मार्च १९५४ मधले ‘झरतुष्ट्र’ आहे. रिचर्ड श्ट्राउस यांची ही रचना मुद्रित झाली तेव्हा टेपवर दोनच ट्रॅक मावत होते, त्यामुळे तिथे मधला स्पीकरही वाजत नाही. जुन्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे ‘सराउंड’ करून विकण्याचा उद्योग आज जोरात आहे, आणि त्यातले अस्सल काय व सजावट कोणती हे ओळखायचे तर या गप्प राहणाऱ्या स्पीकरांपासून सुरुवात करणे बरे. जे चॅनेल त्या दिवशी खरोखर मुद्रित झाले, ते श्रोत्याला देणे म्हणजे त्याच्याकडून काढून घेतलेली वस्तू परत करणे होय. जे चॅनेल पुढे कोणीतरी तयार केले, ती नवी निर्मिती आहे. ती चांगलीही असू शकते, पण तिला जुन्या टेपचे नाव लावता कामा नये.

सभागृहात बसलेल्या श्रोत्याच्या कानांवर नेमके काय पडते, ते आधी पाहू. व्हायोलिनच्या तारेवरून निघालेला आवाज सरळ त्याच्यापर्यंत येतो, तो सर्वांत आधी. पण तोच आवाज बाजूच्या भिंतींवर, छतावर, मागच्या सज्जावर आपटून थोड्या थोड्या वेळाने परत येत राहतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा दहा मीटरचा वळसा घेऊन आलेला आवाज साधारण तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतक्या कमी अंतराने आलेले प्रतिध्वनी आपल्याला सुटे ऐकू येत नाहीत. मेंदू ते मूळ स्वरातच मिळवून घेतो आणि त्यांच्या दिशेवरून, उशिरावरून जागा केवढी आहे याचा अंदाज बांधतो. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांच्या गणितावर उभा राहिला. तिथे वाद्ये थांबल्यावर आवाज पुरता विरायला पावणेदोन ते दोन सेकंद लागतात. अशा सभागृहात वाद्यांपासून पाच-सहा मीटर दूर गेले की सरळ आलेल्या आवाजापेक्षा फिरून आलेला आवाज जास्त भरतो. म्हणजे विसाव्या रांगेतला श्रोता जे ऐकतो, त्यातला मोठा हिस्सा सभागृहाने दिलेला असतो आणि तो चहूबाजूंनी येतो. मुंबईत एन.सी.पी.ए.च्या जमशेद भाभा नाट्यगृहात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादन ज्यांनी एकदा पुढच्या रांगेत आणि एकदा वरच्या सज्जात बसून ऐकले असेल, त्यांना तोच ताफा दोन जागी किती निराळा वाटतो हे सांगायला नको. रचनाकारही हा घुमारा गृहीत धरून लिहीत आले. ब्रुकनर मुळात चर्चमधले ऑर्गनवादक होते. त्यांच्या सिंफन्यांत सगळा ताफा एकदम थांबतो आणि पुढचा स्वर यायला अवकाश असतो. ती मोकळी जागा सभागृहाच्या घुमाऱ्यानेच भरते. घुमारा फक्त समोरच्या दोन खोक्यांतून आला, तर ती जागा अर्धवट भरल्यासारखी वाटते.

मग घरात समोर दोनच स्पीकर ठेवायचे, हे ठरले कसे? प्रयोगशाळांचा सुरुवातीचा कौल वेगळा होता. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमधले वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवले. फिलाडेल्फियात अलेक्झांडर स्मॉलन्स वाद्यवृंदाचे संचालन करत होते आणि ऑर्केस्ट्राचे प्रमुख लिओपोल्ड स्टोकोव्हस्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या नियंत्रणापाशी बसले होते. तिकडे तीन मायक्रोफोन, मध्ये तीन स्वतंत्र वाहिन्या, इकडे तीन स्पीकर. दोन स्पीकर एकमेकांपासून लांब ठेवले की मधली वाद्ये मागे हटल्यासारखी वाटतात, हे या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. मधल्या वाहिनीने ती पोकळी भरून निघत होती. वीस-बावीस वर्षांनी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रकांनी टेपवर हीच पद्धत उचलली. मर्क्युरी कंपनीचे रॉबर्ट फाइन १९५१ मध्ये शिकागोत राफाएल कुबेलिक यांचे वादन मोनोत घेताना ताफ्यासमोर एकच मायक्रोफोन टांगत. १९५५ पासून स्टिरिओसाठी त्यांनी तीन टांगले आणि प्रत्येकाला टेपवर स्वतंत्र ट्रॅक दिला. वादन चालू असताना कसलीही मिसळ करायची नाही, ताफ्याचा तोल संचालकाने आणि सभागृहाने सांभाळायचा, हा त्यांचा दंडक होता. १९६० नंतर तर त्यांनी टेपऐवजी सिनेमाची ३५ मिलिमीटरची चुंबकीय फिल्म वापरून हेच तीन ट्रॅक घेतले. मात्र १९५८ साली स्टिरिओ एल.पी. बाजारात आली, तेव्हा तिच्या खाचेला दोनच भिंती होत्या. पिन एका भिंतीवरून डावा आवाज उचले, दुसऱ्या भिंतीवरून उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. म्हणून मधला ट्रॅक डाव्या-उजव्यात वाटून टाकावा लागला. घराघरांत पोचलेला ‘स्टिरिओ’ हा असा मूळ मुद्रणाचा आटवलेला अवतार होता.

सत्तरच्या दशकात या कोंडीतून सुटण्याची एक मोठी धडपड झाली. क्वाड्राफोनिक, म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर. पुढचे दोन ताफ्यासाठी आणि मागचे दोन, निदान युरोपातल्या कंपन्यांच्या लेखी, सभागृहासाठी. फिलिप्स आणि डॉइच ग्रामोफोन यांनी या काळात कित्येक मोठी मुद्रणे चार ट्रॅकवर केली. अडचण पुन्हा खाचेचीच होती. कोलंबियाच्या एस.क्यू. पद्धतीत चार वाहिन्या गणिताने दोनात गुंडाळून घरी डिकोडरने उलगडायच्या होत्या. साध्या डिकोडरमध्ये पुढच्या आणि मागच्या आवाजांत जेमतेम ३ डेसिबलचा फरक उरे, तेव्हा मागचे सभागृह पुढे झिरपे आणि पुढची बासरी मागेही वाजे. जे.व्ही.सी. आणि आर.सी.ए. यांच्या सी.डी.-४ पद्धतीत चारही वाहिन्या खऱ्या अर्थाने वेगळ्या होत्या, पण त्यासाठी खाचेत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरावी लागे. माणसाच्या कानाची मर्यादा फार तर २० किलोहर्ट्झ. इतकी बारीक नक्षी वाचायला खास घडणीची पिन लागे आणि चुकीच्या पिनेने ती नक्षी झिजून जाई. त्यात प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. दशक संपता संपता सगळा डाव मोडला. फिलिप्स आणि डॉइच ग्रामोफोन यांनी आपली चार ट्रॅकची मुद्रणे बाजारात आणली ती साध्या स्टिरिओत, आणि मूळ टेपा तळघरात गेल्या. ‘क्वाड्राफोनिक फसले’ असे सरसकट म्हटले जाते, तिथे हा भेद करायला हवा. घरापर्यंत आवाज पोचवणारी तबकडी फसली. टेपवरचे मुद्रण जसेच्या तसे उत्तम होते.

तीस वर्षांनी त्याचा पुरावा मिळाला. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली. तिच्यावर स्टिरिओच्या जोडीला सहापर्यंत वाहिन्या पूर्णपणे वेगळ्या ठेवता येतात. २००१ साली फिलिप्सच्या संगीतविभागातून बाहेर पडलेल्या मंडळींनी नेदरलँड्समध्ये पेंटाटोन ही कंपनी काढली, आणि फिलिप्सच्याच जुन्या ध्वनिमुद्रण केंद्रातून स्वतंत्र झालेल्या पॉलिहिम्निया या संस्थेच्या मदतीने त्या चार ट्रॅकच्या टेपा बाहेर काढायला सुरुवात केली. आर्थर ग्रुमियो यांनी कॉलिन डेव्हिस यांच्याबरोबर अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउमध्ये वाजवलेला बेथोव्हन यांचा व्हायोलिन कन्चेर्तो त्यात आला. पुढे डॉइच ग्रामोफोनच्या टेपाही मिळाल्या. प्रत्येक सिंफनीसाठी वेगळा वाद्यवृंद घेऊन कुबेलिक यांनी बेथोव्हनच्या नऊ सिंफन्या केल्या होत्या, त्यांतल्या काही आणि बर्नस्टाइन यांचा १९७२ चा ‘कार्मेन’ हा त्यातलाच ऐवज. या तबकड्यांवर मधला स्पीकर आणि सबवूफर गप्प असतात, कारण मूळ टेपवर ते नव्हतेच. मागच्या स्पीकरांपाशी कान नेला तर तिथून वाद्ये वेगळी अशी ऐकू येत नाहीत, धूसर घुमारा तेवढा येतो. तेच स्पीकर मधेच बंद केले तर मात्र समोरचा ताफा चपटा होतो आणि भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. मागचे दोन ट्रॅक काय काम करत होते, हे ते गेल्यावर कळते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. संचालकाने आणि निर्मात्याने ज्या रूपावर शिक्कामोर्तब केले ते स्टिरिओ होते. लोकांनी ज्या मुद्रणावर प्रेम केले तेही तेच. मग आज कोणी त्या टेपा उघडून वेगळे रूप बाहेर आणणे म्हणजे लेखकाचा खर्डा छापण्यासारखे नाही का? शिवाय दोन वाहिन्यांचा स्टिरिओ ही केवळ तडजोड होती, असेही म्हणता येत नाही. अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडात जे पेटंट मागितले त्यात दोन वाहिन्यांची स्वतंत्र आणि सुंदर उपपत्ती आहे. जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोडवर टॉमस बीचम मोझार्ट यांची ‘जुपिटर’ सिंफनी वाजवून घेत असताना ब्लुमलाइन यांनी ती दोन वाहिन्यांत टिपलीही होती. ज्या कंपन्यांनी सुरुवातीपासून दोन वाहिन्यांचाच विचार करून मायक्रोफोन लावले, त्यांच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. तिथे स्टिरिओ हीच मूळ कृती आहे. पण जिथे निर्मात्याने जाणूनबुजून तीन किंवा चार ट्रॅक घेतले, तिथे त्याचा हेतू त्या टेपवरच लिहिलेला आहे, आणि नंतरचा स्टिरिओ त्याने बाजारातल्या वस्तूसाठी पत्करलेला आहे. तरीही आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. तीनाचे दोन करताना मधला ट्रॅक किती घालायचा, हा निर्णय कलेचा असतो. मर्क्युरीच्या निर्मात्या विल्मा कोझार्ट फाइन यांनी तो निर्णय त्या काळी घेतला आणि नव्वदच्या दशकात सीडी काढताना पुन्हा स्वतःच्या कानांनी, तीन ट्रॅक ऐकून घेतला. त्यांचे ते काम पुसून टाकणे चूक ठरेल. सुदैवाने सुपर ऑडिओ तबकडीवर दोन्ही रूपे शेजारी नांदतात, त्यामुळे एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही.

दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येणारा आहे. कान दोनच आहेत, मग स्पीकर दोन पुरेत. वरवर पटण्यासारखे आहे, पण दोन कान आणि दोन स्पीकर या गोष्टी एकमेकींच्या जोडीदार नाहीत. डावा स्पीकर फक्त डाव्या कानाला ऐकू येत नाही. त्याचा आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानातही जातो. मधोमध उभा असलेला गायक दोन स्पीकरांतून ऐकू येतो तेव्हा प्रत्येक कानाला तोच आवाज दोनदा, किंचित अंतराने मिळतो आणि सुमारे २ किलोहर्ट्झच्या आसपास तो स्वतःलाच थोडा खाऊन टाकतो. मधली प्रतिमा भासमात्र असते. श्रोता वीतभर बाजूला सरकला की गायकही त्याच्या मागोमाग सरकतो. मध्ये खरा स्पीकर असेल तर गायक जागचा हलत नाही. मागून येणाऱ्या आवाजाची तर गोष्टच वेगळी. कानाच्या पाळीची घडण, डोके नकळत इकडेतिकडे वळणे, यांवरून मेंदू पुढचे आणि मागचे ओळखतो. समोरच्या खोक्यातून आलेल्या घुमाऱ्याला तो समोरचाच समजतो. हेडफोनवर मात्र कानाच्या घडणीचे गणित लावून मागच्या आवाजाचा भास करता येतो, आणि २०२१ पासून अ‍ॅपल म्युझिकने ‘स्पेशियल ऑडिओ’ या नावाने हीच सोय घरोघरी नेली. पाच स्पीकरांचा संच फार थोड्यांकडे आहे या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने क्वाड्राफोनिकच्याच काळात एक निराळी वाट धरली, आणि इथे माझा निकष जरा अडखळतो. पिएर बुलेझ यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून बार्टोक यांचा ‘कन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ करून घेतला, तो क्वाड्राफोनिकमध्ये ऐकला तर वाद्यवृंद श्रोत्याभोवती बसलेला आहे. एखादा वाद्यसमूह पाठीमागून उठतो आणि दुसरा त्याला समोरून उत्तर देतो. कोणत्याही सभागृहातल्या कोणत्याही खुर्चीवरून असे ऐकू येणार नाही. सभागृह परत मिळवणे हेच सराउंडचे कारण मानले, तर हे मुद्रण त्यात बसत नाही. पण ते त्या निर्मात्यांनी, त्या वेळी, असेच व्हावे म्हणून केले होते. हे नंतरचे कलम नाही. इंग्लंडच्या डटन व्होकॅलियनने असली मुद्रणे सुपर ऑडिओ सीडीवर आणली आहेत. बार्टोक यांनी वाद्यांच्या ज्या जोड्या एकमेकींसमोर उभ्या केल्या, त्या इथे अशा लख्ख उलगडतात की रचनेचा अभ्यास करणाऱ्याने ही तबकडी एकदा ऐकावीच. सभागृहातला भारदस्तपणा मात्र तिच्यात नाही.

खरा वाद सुरू होतो तो दोन ट्रॅकच्या टेपेतून बारा-चौदा वाहिन्या काढल्या जातात तेव्हा. जॉर्ज शोल्टी यांनी व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये १९५८ ते १९६५ या काळात वाग्नर यांची ‘रिंग’ पूर्ण केली. स्टुडिओत मुद्रित झालेली ती पहिली संपूर्ण ‘रिंग’. डेक्काचे निर्माते जॉन कल्शॉ यांनी तिच्यासाठी दोन स्पीकरांमधली जागा हाच रंगमंच मानला. गायक कुठून येईल, कुठे जाईल, हे सगळे त्यांनी दोन वाहिन्यांच्या हिशेबाने बसवले, आणि मूळ टेपही दोनच ट्रॅकच्या आहेत. २०२२ पासून डेक्काने ही ‘रिंग’ त्या टेपांवरून नव्याने काढली. स्टिरिओचे ते काम डोळ्यांत भरण्यासारखे आहे. सोबत डॉल्बी अ‍ॅटमॉसचेही रूप निघाले, त्यात वरून, मागून, बाजूंनी आवाज येतो. तो येतो कुठून? दोन वाहिन्यांत जे सारखे आहे ते पुढे ठेवायचे, जे एकमेकांशी जुळत नाही ते बहुधा घुमारा असणार असे धरून मागे पाठवायचे, हा अशा कामाचा एक मार्ग. जुना आवाज एखाद्या खोलीत किंवा संगणकातल्या काल्पनिक सभागृहात वाजवून तिथला घुमारा मिळवायचा, हा दुसरा. पहिल्या मार्गाला काही आधार आहे, कारण दोन ट्रॅकच्या टेपेतही सभागृहाचा घुमारा असतोच. पण तो कोणत्या भिंतीवरून आला ही माहिती दोनांत मिसळतानाच गेलेली असते. वरणात विरघळलेले मीठ चवीला लागते, पण ते पुन्हा चिमटीत धरता येत नाही. दुसऱ्या मार्गाने जे मिळते ते तर सोफिएनझाल नव्हेच. हे करूच नये, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन आला, तेव्हा मूळचा मोनो ध्वनिपट नव्या चित्रपटगृहांना पुरणार नाही म्हणून नौशाद यांच्या देखरेखीखाली पार्श्वसंगीत पुन्हा वाजवून घेतले होते. ते उघडपणे सांगून केले गेले आणि प्रेक्षकांनी ते नवी आवृत्ती म्हणून स्वीकारले. संगीतकंपन्यांकडून तेवढीच अपेक्षा आहे. वेष्टनावर आणि अ‍ॅपवर मोठ्या अक्षरांत अ‍ॅटमॉस लिहिले जाते, मूळ टेपवर किती ट्रॅक होते हे मात्र बारीक टिपेत शोधावे लागते किंवा कुठेच नसते. एका आकड्याची ही माहिती पुढच्या पानावर छापायला खर्च येत नाही.

हा आग्रह निव्वळ नेमकेपणाच्या हौसेपोटी नाही. त्या टेपांवरची कित्येक सभागृहे आता उरलेली नाहीत. राइनर यांच्या काळातला शिकागोचा ऑर्केस्ट्रा हॉल १९६६ च्या नूतनीकरणात आतून बदलला आणि त्याचा घुमारा कोरडा झाला. पुढे शोल्टी याच ताफ्याबरोबर मुद्रण करायला बसले, तेव्हा डेक्काला शिकागोतच मेडिना टेंपलसारख्या दुसऱ्या जागा शोधाव्या लागल्या. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये डेक्का आणि ई.एम.आय. यांनी अनेक दशके मुद्रणे केली. खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर टेपवर उतरत असूनही ती जागा कोणी सोडायला तयार नव्हते, इतका तिथला आवाज चांगला होता. १९८४ मध्ये तिथली मुद्रणे थांबली, १९९८ मध्ये इमारत पाडली. सोफिएनझाल ऑगस्ट २००१ मध्ये आगीत जळाले. एखादा वादक गेला तरी त्याचे शिष्य राहतात, त्याची शैली कोणीतरी पुढे नेते. सभागृह गेले की त्याचा आवाज कोणाकडेच राहत नाही. नकाशावरून तो पुन्हा बांधता येईल अशी खात्री कोणताही ध्वनिशास्त्रज्ञ देत नाही. तो फक्त टेपवर आहे. राइनर यांच्या तीन ट्रॅकच्या मुद्रणांतला मधला ट्रॅक म्हणजे त्या जुन्या हॉलची साक्ष आहे, आणि साक्षीत भर घातली की ती बाद होते.

टेपाही फार काळ थांबणार नाहीत. पन्नासच्या दशकातल्या टेपा अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर आहेत. त्या वयाबरोबर ठिसूळ होतात, आक्रसतात आणि त्यांना शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागतो. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांची तऱ्हा वेगळी. चुंबकीय लेप पट्टीला धरून ठेवणारे द्रव्य हवेतला ओलावा पिते आणि टेप चिकट होते. तशीच यंत्रावर चढवली तर लेप खरवडून निघतो आणि संगीत यंत्राच्या हेडवर तपकिरी भुकटी होऊन बसते. म्हणून अशा टेपा आधी पन्नास अंशांच्या आसपास तापमानात काही तास भाजतात. मग थोडे दिवस त्या वाजण्याजोग्या होतात. वाजवायला यंत्रही त्याच जातीचे लागते. अर्ध्या इंचाच्या टेपवरचे तीन ट्रॅक वाचायला तीन ट्रॅकचाच हेड हवा, आणि तो टेपशी काटकोनात बसलेला हवा. त्यात केसभर फरक पडला तरी ट्रॅक एकमेकांच्या मागेपुढे होतात आणि सगळी जागा गढूळ होते. १९६६ च्या सुमारास डॉल्बी ए ही खरखर कमी करण्याची पद्धत आली. त्यानंतरच्या टेपा असतील तर प्रत्येक ट्रॅकला तिचा उलटा संस्कार अचूक पातळीवर द्यावा लागतो. त्याआधीच्या टेपांवर खरखर असतेच. ती संगणकाने धुऊन काढायचा मोह अनेकांना होतो, पण घुमाऱ्याची शेपटी विरत विरत नेमकी त्या खरखरीच्या पातळीला येते. खरखर काढताना आधी ती शेपटी छाटली जाते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचे जाते. लिव्हिंग स्टिरिओच्या तबकड्यांवर हलकी खरखर ठेवली आहे. मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटतो.

सराउंड ऐकणारे थोडे आहेत म्हणून हा खर्च कशाला, असे कंपन्यांच्या हिशेबनिसांना वाटू शकते. डॉइच ग्रामोफोनने २०२३ पासून ‘ओरिजिनल सोर्स’ या नावाने एल.पी.ची मालिका सुरू केली, ती या शंकेला परस्पर उत्तर देते. या एल.पी. साध्या स्टिरिओ आहेत, त्या ऐकायला दोनच स्पीकर लागतात. पण बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओने त्या कापताना सत्तरच्या दशकात तयार झालेली दोन ट्रॅकची प्रत बाजूला ठेवली आणि अर्ध्या इंचाची मूळ चार ट्रॅकची टेप यंत्रावर चढवली. पुढचे दोन आणि मागचे दोन ट्रॅक यांची मिसळ टेप फिरत असतानाच करून ती थेट तबकडी कापणाऱ्या सुईकडे पाठवली. मधली एक प्रत गळली, तिच्याबरोबर त्या प्रतीची खरखर आणि झीजही गेली. मागच्या ट्रॅकवरचा बॉस्टनचा किंवा बर्लिनचा घुमारा किती घ्यायचा हे आजच्या चांगल्या स्पीकरांवर ऐकून ठरवता आले. सत्तरच्या दशकात क्वाड्राफोनिकसाठी म्हणून टांगलेले ते दोन जादा मायक्रोफोन आता साध्या स्टिरिओवाल्या श्रोत्याच्याही कामी येत आहेत.